स्वारगेटची हवा आणि आपल्या शेतातले नत्र



पुण्याला जाणे आपल्याला चुकत नाही. कोणाचे साखर संकुलात काम असते, कोणाला मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या शिबिराला जायचे असते, कोणाला पेशंट दाखवायचा असतो, तर कोणाची पोरेबाळे तिथे शिकायला असतात. सातारा रस्त्याने या नाहीतर सोलापूर रस्त्याने या, आपली एस. टी. बहुधा स्वारगेटलाच रिकामी होते. गाडीतून उतरून पिशवी खांद्याला लावतो न लावतो तोच डोळे चुरचुरू लागतात आणि घसा खवखवतो. २०२४ च्या सप्टेंबरात तिथवर जमिनीखालून मेट्रो आली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जेधे चौकातली वरची गर्दी आणि तिचा धूर आम्हाला तरी हटलेला दिसला नाही.

या धुरावरून अलीकडे एक वाद ऐकू येतो. शहरातला माणूस म्हणतो, "दिवाळी झाली की तुमच्याकडे पाचट पेटते, कारखान्यांच्या चिमण्या सुरू होतात आणि ते सगळे आमच्या नाकात येते." आपला माणूस लगेच उलटून म्हणतो, "तुमच्या मोटारी, तुमचे डिझेल, तुमचे बांधकाम. आमच्या गावात या, हवा कशी असते ती बघा." दोघेही तावातावाने बोलतात आणि चहा पिऊन आपापल्या वाटेने जातात. हा वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि खरे सांगायचे तर आपल्या बाजूने भांडलोही आहोत. परंतु थोडे वाचन केल्यावर आणि जाणकारांशी बोलल्यावर आमची खात्री झाली आहे, की दोन्ही बाजू अंदाजपंचे बोलत आहेत. सदर विषय सभासदांपुढे मांडण्याचे कारण हेच.

अंदाजाने बोलायला काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवा मर्यादेबाहेर बिघडलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत पुणे आहे. म्हणजे आज ना उद्या पुण्याच्या हवेसाठी नियम कडक होणार, हे धरून चालावे. दिल्लीच्या आसपास काय झाले ते आपण वर्तमानपत्रात वाचले आहे. तिथे दर हिवाळ्यात भाताच्या काडाचा धूर किती आणि शहराचा स्वतःचा किती, यावर वाद होतो. वाद चालू असतानाच नोव्हेंबर २०२४ मध्ये काड जाळणाऱ्या शेतकऱ्याचा दंड दुप्पट झाला. दोन एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला ५,०००, दोन ते पाच एकरांपर्यंत १०,००० आणि पाच एकरांवर ३०,००० रुपये. तो दंड योग्य की अयोग्य, यात आम्ही शिरत नाही. पण आपल्याकडे अशी वेळ आली, तर आपल्या हातात मोजून काढलेला आकडा असावा, नुसते तोंडाचे बोलणे नसावे, एवढे आम्हास निश्चित वाटते.

आणि शहरवाल्याचा संशय अगदीच वेडगळ आहे असेही नाही. हिवाळ्यात पुण्यावर वारे पुष्कळ वेळा पूर्वेकडून येतात, आणि दौंड, बारामती, इंदापूर हा उसाचा पट्टा जिल्ह्याच्या पूर्वेलाच आहे. गळीत हंगामही त्याच दिवसांत असतो. रात्री हवा थंड होऊन खाली बसते आणि धूर वर जात नाही. तेव्हा "आमचा काही संबंध नाही" असे छातीठोक सांगण्यापूर्वी आपण थांबून विचार करावा.

आता मूळ प्रकरण काय आहे ते पाहू. हवेत पाचांपैकी जवळजवळ चार भाग नत्र असते. ते शांत असते, कोणाच्या वाटेला जात नाही. परंतु मोटारीच्या इंजिनात किंवा बॉयलरच्या भट्टीत जबर उष्णता झाली की हेच नत्र प्राणवायूशी संयोग पावते आणि नायट्रोजन ऑक्साइड वायू तयार होतात. लाकूड, कोळसा, बगॅस, पाचट यांच्या अंगातही नत्र असते, तेही जळताना याच वायूंच्या रूपाने बाहेर पडते. तिसरा उगम आपल्याला सहसा ठाऊक नसतो. खत घातलेल्या ओल्या जमिनीत जिवाणू नत्रावर काम करतात, त्या कामातही हे वायू थोडे थोडे सुटतात. म्हणजे नुकताच युरिया टाकून पाणी दिलेला उसाचा फड हीदेखील एक बारीकशी चिमणीच म्हणायची, फक्त तिचा धूर दिसत नाही.

हे वायू उन्हात व ओझोनच्या सान्निध्यात बदलत जाऊन त्यांचे नत्राम्ल होते, म्हणजे नायट्रिक ॲसिडची वाफ. ही वाफ मोठी चिकट असते. रस्त्याच्या चुनखडीयुक्त धुळीला ती चिकटते आणि तिथे नायट्रेट तयार होते. वाटेत अमोनिया भेटला तर त्याच्याशी जुळून अमोनियम नायट्रेटचा अतिसूक्ष्म कण बनतो, आणि हा कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातो. आता हा अमोनिया कुठून येतो? युरियाची गोणी फोडून रानात फोकली आणि पाणी वेळेवर दिले नाही तर नाकाला झोंबतो तोच हा वायू. गोठ्यातून, उकिरड्यातून, शहराच्या गटारातून आणि काही प्रमाणात मोटारींतूनही तो येतो. पण देशभराचा हिशेब केला तर शेती आणि जनावरे यांचा वाटा मोठा आहे.

सभासदांनी इथे जरा थबकावे. स्वारगेटच्या हवेतल्या अशा एका कणाचा एक भाग सातारा रस्त्यावरच्या ट्रकमधून आलेला असू शकतो, आणि दुसरा भाग एखाद्या उसाच्या सरीतून उडालेला असू शकतो. शहर आणि शिवार एकाच कणात मांडीला मांडी लावून बसलेले असतात. मग "तुमचे की आमचे" या भांडणाला काय अर्थ राहिला? प्रश्न असा विचारायला हवा, की त्यात तुमचे किती आणि आमचे किती?

आज स्वारगेटला हवा मोजली जात नाही असे नव्हे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे केंद्र तिथे अनेक वर्षे आहे. राष्ट्रीय योजनेखालच्या अशा केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस नमुने घेण्याची पद्धत आहे. धूळ किती आणि नायट्रोजन डायऑक्साइड किती, ते त्यातून कळते. २००९ साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे नायट्रोजन डायऑक्साइड दर घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅम आणि एका दिवसात ८० मायक्रोग्रॅमच्या आत हवा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१३ पासून पुण्यासाठी 'सफर' ही यंत्रणा चालवली असून तिच्यावरून रोजचा अंदाज मिळतो. ही कामे मोलाची आहेत. तथापि, किती आहे एवढे सांगणारा काटा कोणाचे आहे ते सांगत नाही. गव्हाणीत पडलेली मोळी कोणाच्या फडातली, हे मोळीकडे बघून कसे सांगणार? त्यासाठी चिठ्ठी लागते.

आनंदाची गोष्ट अशी, की नत्राला निसर्गाने स्वतःच एक चिठ्ठी लावून ठेवली आहे. नत्राचे अणू दोन वजनांचे असतात, एक चौदा वजनाचा आणि दुसरा पंधराचा. हजार अणू मोजले तर त्यात सुमारे ९९६ चौदाचे आणि चारच्या आतबाहेर पंधराचे निघतात. दोघांचे गुणधर्म बहुतेक सारखेच असतात, फरक फक्त वजनाचा. यांनाच स्थिर समस्थानिके म्हणतात. 'स्थिर' हा शब्द ध्यानात ठेवा. यात किरणोत्सर्ग नाही, अणुभट्टीचा संबंध नाही, कोणी भिऊ नये. आपल्या रक्तात, उसात आणि दुधात हे दोन्ही अणू जन्मापासून आहेत.

या दोघांचे प्रमाण उगमाप्रमाणे किंचित बदलते. जमिनीतले जिवाणू हलके काम आधी उरकतात, चौदाचे अणू पटकन उचलतात. त्यामुळे खत घातलेल्या जमिनीतून सुटलेल्या वायूत पंधराचे अणू ठळकपणे कमी भरतात. मोटारीच्या धुरात ते त्या मानाने जास्त, आणि कोळशाच्या धुरात बहुधा त्याहून जास्त असतात. पाचट किंवा लाकूड जळते तेव्हा त्या धुरातले प्रमाण मूळ पाचटातल्या नत्रावर अवलंबून राहते. हा फरक हजारात काही भागांचा असतो, जमिनीच्या बाबतीत तो हजारात वीस-तीस भागांपर्यंतही जातो. मोजणीचे शून्य म्हणून हवेतलेच नत्र धरतात. नायट्रेटमध्ये प्राणवायूही असतो. त्याच्या समस्थानिकांवरून ते नायट्रेट हवेत कोणत्या मार्गाने, ओझोनच्या किती संगतीने तयार झाले, हे समजते.

इतके बारीक मोजणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. अणूंना विद्युतभार देऊन चुंबकाजवळून पळवतात, हलका जास्त वळतो आणि जड कमी वळतो. आपल्या देशात ही विद्या आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत समस्थानिकांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पाषाणच्या संस्थेतही पुण्याच्या पावसाच्या पाण्याचे व हवेतल्या धुळीचे रासायनिक पृथक्करण अनेक दशके झाले आहे. नायट्रेट यंत्रात घालण्यापूर्वी त्याचा नायट्रस ऑक्साइड वायू करावा लागतो, आणि गंमत अशी, की २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत हे काम जिवाणूंकडूनच करून घेतात. पाणी साचलेल्या रानात ऊस पिवळा पडतो तेव्हा नत्र हवेत उडवणारी जी जिवाणूंची जात असते, तिच्याच भाऊबंदांपैकी हे जिवाणू. आपले नुकसान करणारा गडी प्रयोगशाळेत कामाला लावला आहे म्हणा ना.

पण आमच्या मते खरी मेख यंत्रात नाही, नमुन्यात आहे. ही गोष्ट ऊस उत्पादकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. तोडीपूर्वी उसाची पक्वता पाहायची तर कोणत्या कांडीचा रस घेतला यावर ब्रिक्स ठरतो. नुसत्या बुडख्याचा घेतला तर ऊस पिकला असे दिसते आणि वाढ्याकडचा घेतला तर कच्चा दिसतो. माती परीक्षणाला माती नेताना शेतकी खात्याचा माणूस दहादा बजावतो, की बांधाजवळची घेऊ नका, उकिरड्याच्या जागेची घेऊ नका, आणि खताच्या रिकाम्या गोणीत तर मुळीच भरू नका. हवेचेही असेच. नमुना चुकला तर लाखो रुपयांचे यंत्र चुकीचा आकडा बिनचूक मोजून देते.

हवेतले नायट्रेट पकडणे अवघड का, ते थोडक्यात सांगतो. नत्राम्लाची वाफ आणि नायट्रेटचा कण हे दोन वेगळे पदार्थ, पण ते सतत एकमेकांत बदलत असतात. पहाटेच्या गारठ्यात कण तयार होतात. दुपारी ऊन तापले की तेच कण मोडून पुन्हा वाफ होते. साधा गाळणकागद दिवसभर लावून ठेवला तर सकाळी अडकलेला कण दुपारी उडून जातो, आणि उलट हवेतली वाफ कागदावरच्या धुळीला चिकटून कण असल्याचे सोंग आणते. शिवाय उडताना हलके अणू आणि जड अणू सारख्या प्रमाणात जातीलच असे नाही. म्हणजे ज्या चिठ्ठीच्या भरवशावर आपण बसलो, तीच पुसट होते.

यावर उपाय शोधलेला आहे. पंपाने ओढलेली हवा आधी काचेच्या नळ्यांतून नेतात. एका नळीला आतून मिठाचा किंवा सोड्याचा लेप असतो, त्याला नत्राम्लाची वाफ चिकटते. दुसऱ्या नळीला सायट्रिक ॲसिडचा लेप असतो, तिच्यात अमोनिया अडकतो. वायू बाजूच्या भिंतीला लागतात आणि कण मात्र सरळ पुढे निघून जातात. पुढे गाळणकागद कणांना धरतो. त्याच्यामागे नायलॉनचा आणखी एक कागद ठेवतात, पुढच्या कागदावरून जे नायट्रेट वाफ होऊन निसटेल ते तिथे सापडते. वायू वेगळे, कण वेगळे आणि निसटलेले वेगळे असे तिन्हींचे हिशेब लागले म्हणजे गोळाबेरीज जुळते.

किती हवा लागते? सूक्ष्म धूळ मोजण्याची नेहमीची यंत्रे मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतात. चोवीस तासांत ती सुमारे २४ घनमीटर होते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतल्या हवेपेक्षा थोडी कमीच. घनमीटरमागे पाच मायक्रोग्रॅम नायट्रेट आहे असे धरले, तर कागदावर सव्वाशे मायक्रोग्रॅमच्या आसपास गोळा होईल. चिमटीतही येणार नाही इतके ते असते, पण वर सांगितलेल्या जिवाणू पद्धतीला काही मायक्रोग्रॅमही पुरतात. मात्र जिन्नस इतका थोडा असल्यामुळे घामाच्या बोटाचा स्पर्शही महागात पडतो. म्हणून कागद आधी धुऊन किंवा तापवून शुद्ध करतात, चिमट्याने उचलतात, बर्फात ठेवून नेतात. आणि दर फेरीला एक कोरा कागद तिथवर नेऊन, हवा न ओढता, तसाच परत आणून तपासतात. कोऱ्या कागदावर जे निघेल ते हाताळणीतले, ते वजा करायचे. काट्यावर रिकाम्या गाडीचे वजन वजा करतो तसेच हे.

जागेचेही पथ्य आहे. हवा ओढणारे तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर हवे. एखाद्या बसच्या नळकांड्यासमोर लावले तर ते स्वारगेटचे मोजमाप न होता त्या एका बसचे होईल, आणि झाडाच्या दाट फांदीखाली लावले तर पाने वायू पिऊन टाकतील. दिवस व रात्र वेगळे मोजावेत. फटाक्यांच्या दारूत सोरा असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणून दिवाळीचे दिवस वेगळे काढावेत. गळीत हंगामाच्या आधी, मध्ये आणि नंतर असे तिन्ही काळ धरावेत, म्हणजे आपल्या चिमण्या बंद असतानाची हवा आणि चालू असतानाची हवा शेजारी शेजारी ठेवता येईल. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हाचेही नमुने असावेत.

या पद्धतीच्या मर्यादाही सभासदांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. निरनिराळ्या उगमांच्या खुणा एकमेकींवर थोड्या चढतात. परदेशात मोजलेला मोटारीचा आकडा आपल्या डिझेल ट्रकला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही, आणि तिकडच्या जंगलाच्या वणव्याचा आकडा आपल्या पाचटाला लागू पडणार नाही. वायूचे आम्ल आणि आम्लाचा कण होतानाही प्रमाण जरा सरकते. म्हणून आधी आपल्या उगमांचे नमुने घ्यावे लागतील. पेटलेल्या पाचटाचा धूर, बगॅसवर चाललेल्या बॉयलरची चिमणी, युरिया टाकलेल्या सरीवरची हवा, गोठा आणि स्वारगेटच्या बसगाड्या या सर्वांचे. ते झाल्यावरही उत्तर "इतके टक्के" असे एका आकड्यात न येता "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असे येईल. तरीही आजच्या अंदाजापेक्षा ते शतपटीने बरे.

आता एक आक्षेप. आमच्या ओळखीच्या एका जुन्या सभासदाला हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? उद्या आपलाच वाटा जास्त निघाला तर?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. आमचे उत्तर असे. आपला वाटा कमी निघाला तर आपल्यावरचा ठपका पुराव्यानिशी जाईल. आणि जास्त निघाला, तर हवेत गेलेले ते नत्र कोणाचे होते? आपल्याच पैशाचे ना?

हिशेब करून पाहा. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, आडसालीला ४००. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. सगळे नत्र युरियातून दिले तर सुरूला हेक्टरी बारा गोण्या झाल्या आणि आडसालीला एकोणीस-वीस. टाकलेल्या नत्रापैकी निम्मेदेखील पिकाच्या अंगी लागत नाही, असे शेतीशास्त्र सांगते. म्हणजे बारातल्या सहा गोण्या पाण्याबरोबर खाली गेल्या किंवा हवेत उडाल्या. सरकार अनुदान देते म्हणून गोणी स्वस्त मिळते, आणि स्वस्त मिळते म्हणून आपण हिशेब करत नाही. काहीजण शिफारशीवर आणखी चार गोण्या टाकून "काळोखी चांगली आली" म्हणून समाधान मानतात. २०१५ पासून सगळा युरिया निंबोळी लावून येतो, त्याने थोडा फरक पडतो. पण भर उन्हात कोरड्या सरीत फोकलेला युरिया निंबोळीनेही वाचत नाही, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर तो अधिकच उडतो.

पाचटाचेही तेच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते आणि त्यात अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर नत्र असते. दहा टनांचे धरले तर पन्नास किलोपर्यंत, म्हणजे दोन-अडीच गोण्या युरियाचे. काडी लावली की त्यातले बहुतेक नत्र धूर होऊन जाते, आणि शिवाय सेंद्रिय कर्ब जातो तो वेगळाच. टोळी मिळत नाही, खोडव्याची मशागत अडते, उंदीर होतात, या अडचणी आम्ही जाणतो. आम्हीही त्यातूनच गेलो आहोत. तरीपण पाचट एकाआड एक सरीत दाबून खोडवा घेणारे सभासद आपल्या गटागटांत आहेत, त्यांच्याकडे जाऊन बघायला काय हरकत आहे?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी, की कारखान्याने येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा आणि गळीत हंगामात आपल्या आवारात व एखाद्या सभासदाच्या शेतात असे नमुने घेण्यास जागा, वीज आणि एक माणूस देण्याची तयारी दाखवावी. यंत्र व तपासणी शास्त्रज्ञांची, सोय आपली. दुसरी सूचना म्हणजे, आपल्याकडे नमुने घ्याल त्याच दिवशी, त्याच तासांना, त्याच पद्धतीने स्वारगेटलाही घ्यावेत, असा आग्रह धरावा. एकट्या शिवाराचे मोजून शहराचे सोडले तर तो न्याय नव्हे. यासाठी जिल्ह्यातल्या सर्व कारखान्यांनी मिळून वसंतदादा इन्स्टिट्यूटमार्फत पाषाणच्या संस्थेकडे आणि प्रदूषण मंडळाकडे मागणी करावी, एकट्या कारखान्याचे हे काम नाही. तिसरी सूचना सभासदांसाठी. निकालाची वाट न पाहता युरिया हप्त्याने द्यावा, मातीआड करावा, लगेच हलके पाणी द्यावे, आणि पाचटाला काडी लावू नये. यात तोटा कोणाचाच नाही.

अट मात्र एकच आहे. निकाल येण्यापूर्वीच तो मान्य करण्याची तयारी दोन्ही बाजूंनी ठेवली पाहिजे. आपल्या काट्यावर शंका आली की आपण दुसऱ्या काट्यावर वजन करून आणतो, आणि दोन्ही आकडे जुळले की मुकाट्याने मानतो. हवेच्या बाबतीतही तशीच रीत पडावी. नत्राच्या अणूला शहरवाला कोण आणि खेडूत कोण हे कळत नाही. त्याला स्वतःचे वजन तेवढे ठाऊक असते, आणि त्यावर आम्ही विश्वास ठेवायला तयार आहोत.

सभेच्या विषयपत्रिकेवर कोणता विषय घ्यायचा, हे अखेर सभासदांच्या हाती आहे. ज्यांना ही सूचना पटेल त्यांनी आपापल्या गटाच्या संचालकांकडे लेखी द्यावे, आणि ज्यांना पटणार नाही त्यांनीही लेखी द्यावे, म्हणजे चर्चा तरी होईल. तोवर पुढच्या खेपेला स्वारगेटला उतरल्यावर डोळे चुरचुरले, तर रुमाल नाकाला लावताना एवढे आठवावे, की यातले थोडे कदाचित आपल्याच सरीतून आपल्याआधी इथे येऊन पोचले असेल.